काळी दिसणारी लाल टोपी

मंडळी, सर्बियातल्या बेलग्रेडच्या स्टुडिओंमध्ये 1860-70च्या दशकांत काढलेले तरुण मुलींचे फोटो पाहिले, की या मुली सुतकात असाव्यात असं वाटतं. काळी टोपी, गडद जाकीट, चेहऱ्यावर हसू नाही. हा समज मला आज मोडून काढायचा आहे.

तेव्हा फोटो काचेवर काढत, आणि त्या काचेवर कलोडियन या रसायनाचा ओला थर असायचा. तिला निळा उजेड चटकन उमगायचा, तांबडा जवळजवळ नाहीच. त्यामुळे आकाशी रेशीम फोटोत पांढुरकं दिसायचं आणि लाल रंग काळा. शहरी सर्बियन घरातली बिनलग्नाची मुलगी डोक्यावर फेस, म्हणजे गोंड्याची लाल तुर्की टोपी, घालायची. म्हणजे आपल्याला काळी दिसते ती टोपी मुळात लालभडक! अंगात लिबादे, म्हणजे रुंद बाह्यांचं आखूड जाकीट, मखमलीचं किंवा रेशमी, त्यावर जरीकाम. जरीचा सोनेरी रंगही काचेला नीट दिसत नसे. तार जिथं उजेडात लकाकली तिथंच एखादी रेघ उमटते. बाहीचा काठ भिंगाखाली धरा, मग नक्षी हळूहळू सापडत जाते. मोती मात्र शुभ्र येतात. लग्न झालेल्या बाईच्या डोक्यावर मोत्यांनी मढवलेली चपटी टोपी असते, तेपेलुक. ते फोटोत इतकं उठून दिसतं, की मुलीपेक्षा सुनेचा थाट मोठा वाटतो. त्यातला बराचसा वाटा काचेचा आहे.

हसू नाही, कारण काही सेकंद हलायचं नाही. मानेमागे लोखंडी आधार असायचा.

हा पोशाख मला फार मोलाचा वाटतो. डोक्यावर तुर्की वळणाची टोपी, कमरेला बायादेर हा रेशमी पट्टा आणि खाली व्हिएन्नाच्या फॅशनचा घेरदार झगा. बेलग्रेडच्या किल्ल्यातून तुर्की फौज 1867 साली गेली, पण मुलींच्या डोक्यावरून फेस गेली नाही. हे सगळं मिळून सर्बियन पोशाख ठरला होता. 1875 साली सर्बियाचा राजपुत्र मिलान (पुढे राजा) याच्याशी लग्न करून आलेली नतालिया जन्मानं सर्बियन नव्हती, तरी तिनं हाच पोशाख अंगावर घालून फोटो काढून घेतले.

आनास्तास योवानोविच हा पहिला सर्बियन छायाचित्रकार, जन्म 1817. व्हिएन्नात तो शिळाछाप शिकला आणि तिथंच कॅमेऱ्याकडे वळला. कवयित्री मिलित्सा स्तोयादिनोविच हिचा त्यानं काढलेला फोटो आज नावासकट ओळखला जातो. बाकीच्या मुलींच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच आलं. पॅरिसच्या दिस्देरीनं 1854 साली छोट्या कार्ड-फोटोचं पेटंट घेतलं आणि पुढे मध्यमवर्गीय घरांनाही फोटो परवडू लागले. कार्डाच्या पाठीवर छायाचित्रकाराचं नाव ठळक छापलेलं असतं. मुलीनं हातानं लिहिलेलं असलंच तर ‘आठवणीसाठी’ एवढंच, आणि कितीदा तेही नाही.

अशा वेळी टोपीच उपयोगी पडते. फेस असेल तर ती माहेरी आहे, तेपेलुक असेल तर सासरी. एकाच अल्बमात तोच चेहरा आधी फेसमध्ये आणि पुढच्या पानावर तेपेलुकात भेटला, तर त्या दोन पानांमध्ये तिचं लग्न झालेलं असतं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, जुने अल्बम पानं सुटी करून विकू नका. एकदा क्रम मोडला, की त्या दोन मुली वेगवेगळ्या होऊन बसतात.