हायड्रोफोनला कान लावून : ‘सायलेंट हंटर ३’मधील काही क्षण

पडद्यावर दिसणारे हे करडे, खवळलेले पाणी उत्तर अटलांटिकचे आहे, आणि दृश्य २००५ साली आलेल्या ‘सायलेंट हंटर ३’ या संगणकीय खेळातले आहे. युबिसॉफ्टच्या रुमानियातील चमूने घडवलेल्या या खेळात खेळाडू दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पाणबुडीचा कप्तान होतो. सुरुवातीचा बेत ठरावीक मोहिमांच्या साखळीचा होता. पण चाहत्यांनी आग्रह धरला, तेव्हा निर्मात्यांनी प्रकाशन लांबणीवर टाकून १९३९ ते १९४५ असे आपल्या गतीने चालणारे युद्ध त्यात बसवले. त्यामुळे इथले लक्षात राहणारे क्षण कोणी आधी रचून ठेवलेले नाहीत. ते हवामान, वेळ आणि खेळाडूचा अंदाज यांच्या योगाने घडतात, आणि माझ्या मते त्यांतले सर्वोत्तम क्षण डोळ्यांना काहीच दिसत नसताना येतात.

धुके दाटले किंवा वादळ उठले की टेहळणीला काही अर्थ उरत नाही. अशा वेळी जाणता खेळाडू पाण्याखाली जातो, यंत्रे मंद करतो आणि हायड्रोफोनचे, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्राचे, चाक सावकाश फिरवत ऐकत राहतो. व्यापारी जहाजाच्या पंख्याचा ठेका जड आणि संथ असतो, तर विनाशिकेचा, म्हणजे पाणबुड्यांची शिकार करणाऱ्या युद्धनौकेचा, जलद. थोड्या थोड्या वेळाने आवाजाची दिशा नोंदवून नकाशावर रेषा ओढत गेले की एका न दिसणाऱ्या जहाजाचा मार्ग हळूहळू कागदावर उमटू लागतो.

मग येतो टॉर्पेडो सोडण्याचा क्षण. नेम धरण्याचे काम पूर्णपणे स्वतःकडे घेतले, तर खेळाडूला पेरिस्कोपमधून जहाजाचा प्रकार ओळखावा लागतो, डोलकाठीच्या उंचीवरून अंतर काढावे लागते, आणि वेग व जहाजाच्या रोखाचा कोन हेही स्वतःच ठरवावे लागते. ३० नॉट वेगाने जाणारा विजेवरचा टॉर्पेडो हजार मीटर कापायला सुमारे ६५ सेकंद घेतो. त्या वेळात करण्यासारखे काहीही नसते. घड्याळाच्या काट्याकडे पाहत राहायचे. ठरलेली वेळ उलटूनही स्फोट झाला नाही, तर चूक गणिताची की टॉर्पेडोची, हे कळायला मार्ग नसतो. ही अनिश्चितता इतिहासाला धरून आहे, कारण एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावर जर्मन पाणबुडीचा कप्तान ग्युंटर प्रीन याने नांगरून उभ्या असलेल्या जहाजांवर सोडलेले टॉर्पेडोही असेच निकामी ठरले होते.

नेम लागला तरी जहाज लगेच बुडत नाही. एकेका कप्प्यात पाणी शिरते, नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, खाली झुकते, आणि कधी कधी तासाभराने ते नाहीसे होते. नोंदवहीत मात्र फक्त बुडवलेल्या जहाजांच्या टनांचा आकडा चढतो. मूळ खेळात पाण्यात पडलेली माणसे दिसत नाहीत, आणि ही उणीव मला महत्त्वाची वाटते. त्या काळच्या ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो भारतीय खलाशी होते. डेकवर कोकणातले, खानपान सेवेत गोव्यातले. १७ सप्टेंबर १९४० रोजी ‘यू-४८’ या जर्मन पाणबुडीने ‘सिटी ऑफ बनारस’ हे ब्रिटिश जहाज बुडवले, तेव्हा त्यावर कॅनडाला सुरक्षित ठेवण्यासाठी नेली जाणारी ९० मुले होती. त्यांपैकी ७७ दगावली. जहाजावरच्या भारतीय खलाशांचीही मोठी प्राणहानी झाली. मराठी प्रेक्षकाने हा खेळ पाहताना टनांच्या आकड्यामागची ही माणसे डोळ्यांसमोर ठेवावीत, अशी माझी विनंती आहे.

हल्ला झाला की शिकार करणाऱ्याचीच शिकार सुरू होते. शांततेचा हुकूम देताच सगळे खलाशी कुजबुजत बोलू लागतात, आणि ध्वनिमुद्रणाचा हा साधा निर्णय संपूर्ण खेळात सर्वांत परिणामकारक ठरला आहे. वरून सोनारचे, म्हणजे ध्वनीने पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचे, ठोके सांगाड्यावर आदळतात. विनाशिका जवळ येते तशी त्यांची लय वाढते. पण जहाज अगदी डोक्यावर आले की त्याचा सोनार पाणबुडीला हरवून बसतो, आणि डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, खाली येऊन फुटेपर्यंत कप्तानाला थोडा अवधी मिळतो. तेवढ्यात पूर्ण वेग द्यायचा, सुकाणू एका बाजूला टाकायचे, आणि स्फोटांच्या गडगडाटात आपला आवाज लपवून दिशा बदलायची. गडगडाट ओसरण्याआधी वेग पुन्हा उतरवला नाही, तर केलेले सगळे वाया जाते. खोली दोनशे मीटरच्या पुढे गेली की सांगाडा करकरू लागतो. दिवे जातात, एखाद्या कप्प्यात पाणी शिरते, आणि दुरुस्तीला आधी कोणाला पाठवायचे हे त्या अंधारात ठरवावे लागते. कित्येक तास चालणारा असा पाठलाग वेळ पुढे न पळवता सोसला, तर त्या बोटींतल्या माणसांच्या भीतीचा पुसटसा अंदाज येतो.

अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात नेणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडण्याचे आव्हानही पुष्कळ खेळाडू आवर्जून घेतात. प्रत्यक्षात १९४१ पासून पुढे भूमध्य समुद्रात शिरलेली एकही जर्मन पाणबुडी अटलांटिकमध्ये परतली नाही.

कारकीर्द १९४३ मध्ये पोहोचली की खेळाचा स्वभावच बदलतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात जर्मनीने ४० हून अधिक पाणबुड्या गमावल्या, आणि २४ मे रोजी जर्मन नौदलाचा प्रमुख ड्योनिट्झ याने उत्तर अटलांटिकमधून आपला ताफा मागे घेतला. खेळातही विमाने ढगांतून अचानक उतरतात, आणि त्यांच्या नव्या, आखूड तरंगलांबीच्या रडारची चाहूल पाणबुडीवरच्या जुन्या इशारा-यंत्राला लागत नाही. १९४० साली रात्री पृष्ठभागावरून थेट व्यापारी जहाजांच्या काफिल्याच्या रांगांमध्ये घुसणारा तोच खेळाडू आता दिवसभर पाण्याखाली बॅटरीची पातळी पाहत राहतो, आणि एखादे एकटे मालवाहू जहाज टप्प्यात आले तरी आकाश निरभ्र असेल तर त्याचा पाठलाग सोडून देतो.