दोन कुंड्यांचा गोल

[दृश्य: ससून डॉक, पहाट]

मुंबईत बर्फ म्हणजे लादी. ट्रकमधून उतरते, फुटते, पापलेटांवर पसरते. तिच्याशी रोज झटापट करणाऱ्या बाया म्हणजे आपल्या कोळणी. बर्फावर खेळायचं वगैरे इथे कुणाच्या डोक्यात येत नाही.

[दृश्य: कांदिवली, बिल्डिंगचं पार्किंग]

या मुलींच्या आलंय. खेळ आइस हॉकी, म्हणजे बर्फावरची हॉकी; पण इथे बर्फ नाही. म्हणून पायात इनलाइन स्केट्स (एका रांगेत चाकं असलेले बूट), गोल म्हणजे दोन कुंड्या, आणि चकतीऐवजी टेनिस बॉल. खरी चकती, म्हणजे पक, कडक रबराची, वजन साधारण १७० ग्रॅम. ती इथे आणली तर पहिल्याच फटक्यात सेक्रेटरी काकांच्या गाडीची काच गेलीच समजा.

खेळून दमल्या की मोबाइलवर जुने सामने, सोबतीला ताईही. १९९०, ओटावा. महिलांची पहिली जागतिक आइस हॉकी स्पर्धा. अंतिम सामन्यात कॅनडाने अमेरिकेला ५-२ हरवलं, तेही गुलाबी जर्सी घालून. लक्ष वेधायचं होतं ना! बायका म्हटलं की गुलाबी, हे तिकडेही तसंच. तेव्हा अंगावर धडक मारून पाडायची मुभा होती. पुढे ती महिलांच्या खेळातून काढली.

पण खरं भांडण पेटतं २०१९च्या फायनलवरून. एस्पो, फिनलंड. घरचं मैदान, समोर अमेरिका, जादा वेळ. फिनलंडने गोल मारला, पोरी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या, जल्लोष सुरू. मग पंच व्हिडिओ बघत बसले. बराच वेळ. निकाल? अमेरिकेच्या गोलकीपरला अडथळा केला, म्हणून गोल बाद. आणि खेळाडूला पाडलं, म्हणून त्याच गोलकीपरच्या नावावर पेनल्टी! शेवटी शूटआउटमध्ये, म्हणजे एकेक खेळाडू विरुद्ध गोलकीपर अशा फटक्यांत, जिंकली अमेरिका.

"असं कसं? एकतर गोल द्या, नाहीतर पेनल्टी नको."
"ताई, तू पंच असतीस तर काय दिलं असतंस?"
ताई पाणी पितात. उत्तर देत नाहीत.

[दृश्य: लडाख, गोठलेलं तळं]

भारताचा महिला संघ जागतिक स्पर्धेच्या या बड्या गटात नाही. तो आशियात खेळतो, आणि त्यातल्या बहुतेक मुली लडाखच्या, हिवाळ्यात तळं गोठलं की त्यावर सराव करत वाढलेल्या. २०१६ मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सविरुद्ध ४-३, पहिला विजय. २०२५ मध्ये अमिरातीतल्या अल ऐनला आशिया चषकाचं कांस्य. वाळवंटातल्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर!

[दृश्य: पुन्हा पार्किंग, संध्याकाळ]

"गाडीऽऽ!"

कुंड्या बाजूला. काकांची गाडी आत येते, जागेवर लागते. कुंड्या परत. फिनलंडचा गोल अजून मिटलेला नाही.