जुन्या जीपचा भाव कसा काढायचा

मंडळी, जुनी जीप बघायला गेलं की मालक आधी इंजिन चालू करून दाखवतो. आवाज कितीही गोड असो, भाव तिथून धरू नका. इंजिन बदलता येतं, पत्रा नवा ठोकून मिळतो. खरी चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आणि तिची आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, मात्र कुठल्याच गॅरेजात बनत नाही. आपण पैसे मोजतो ते त्या दोन गोष्टींचे.

म्हणून आधी चेसिस नंबर शोधा. वायर ब्रशने माती-रंग काढा, वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा, अंक उमटतील. ते आरसीशी एकेक करून ताडून बघा. एखादा अंक खालीवर झालेला, भोवती ग्राइंडरचे ओरखडे, वेल्डिंगची पट्टी दिसली तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. मग इंजिन नंबर आणि इंधन बघा. आपल्याकडे पेट्रोलच्या कितीतरी जीपना पुढे डिझेल इंजिनं बसली, कारण पेट्रोल परवडत नव्हतं. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर मी ती गाडी अर्ध्या कागदांची धरतो.

"महायुद्धातली आहे" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. 1941 ते 1945 दरम्यानच्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या लष्करी जीपच्या पुढच्या पत्र्याच्या जाळीत नऊ फटी असतात. नंतरच्या नागरी जीपना सात. पण जाळी बदलायला कितीसा वेळ लागतो? खाली वाका. रेडिएटरखालचा चेसिसचा आडवा दांडा विलीजमध्ये गोल पाइपचा असतो, फोर्डमध्ये उलट्या यू आकाराचा. फोर्डने तर बोल्टच्या डोक्यांवरही आपला एफ ठोकला होता. महिंद्राची उंच बॉनेटची सीजे थ्री बी वेगळी. तिचं हरिकेन इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. ती गुणी गाडी आहे, पण तिला महायुद्धाचा भाव द्यायचा नाही.

आता हिशेब. समजा, तशीच नीट केलेली, कागद स्वच्छ असलेली जीप आठ लाखांना जाते. समोरच्या गाडीला पत्रा-रंग दोन लाख, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) एक लाख, ब्रेक, टायर, वायरिंग मिळून एक लाख. उरले चार. त्यातून न दिसणाऱ्या कामासाठी आणखी लाखभर वजा करा, कारण उघडल्यावर काम वाढतंच. तुमचा आकडा तीन. मालक पाच म्हणाला तर ते दोन लाख त्याच्या आठवणींचे आहेत; त्यांचा मान राखा, पण ते देऊ नका.

न दिसणारं काम बहुतेक फ्लोअरखाली असतं. युद्धकाळातल्या बॉडीत फ्लोअरच्या आधारपट्ट्यांमध्ये लाकूड भरलेलं असे. ते पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून खातं. कोकणातली गाडी असेल तर तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघाच. पत्र्याचे खड्डे पुट्टीने बुजवल्याचा संशय आला तर लोहचुंबक फिरवा; पुट्टीवर ते चिकटत नाही.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तर 2021च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी होऊ शकते. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं. मात्र ती रोज वापरता येत नाही. रोज फिरवायची असेल तर फिटनेस आणि नूतनीकरणाचा खर्चही वरच्या वजाबाकीत घाला. परराज्यातली असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय विसार देऊ नका.