पहिली मेणबत्ती

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव-खानापूर पट्ट्यात सध्या सुगीची धांदल आहे. भातं कापून झाली, काही शिवारांत मळण्या अजून चालू आहेत, आणि पहाटे गल्लीच्या तोंडाशी शेकोट्या दिसू लागल्या आहेत. याच दिवसांत आमच्या छोट्याशा लुथरन मंडळीचं, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथरच्या शिकवणीवर चालणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं, नवं वर्ष उजाडतं. उपासनेचं आमचं वर्ष जानेवारीची वाट बघत नाही, ते नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतं. तिथून नाताळापर्यंतच्या दिवसांना आम्ही आगमनकाळ म्हणतो. त्याचा पहिला रविवार आता येतो आहे, आणि महिला मंडळाच्या वतीने मी तुम्हाला त्याचंच बोलावणं करायला आले आहे.

बेळगावातली जुनी चर्चं वेगवेगळ्या परंपरांची आहेत. लंडन मिशनचं काम इथे 1820 साली सुरू झालं, पुढे मेथॉडिस्ट मंडळी आली. लुथरांची शिकवण आपल्या बाजूला आली ती दक्षिणेकडून. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनची माणसं 1834 मध्ये मंगळूरला आली आणि 1837 मध्ये धारवाडला पोचली. त्यांच्यात लुथरन होते, तसेच रिफॉर्म्ड मताचे, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या दुसऱ्या एका शाखेचेही होते. आपल्या कितीतरी घरांवर आजही जी मंगळुरी कौलं आहेत ना, त्यांचा कारखाना याच मिशनने 1865 मध्ये मंगळुरात काढला. मग खानापूरच्या मातीचीही कौलं झाली, ती गोष्ट तुम्ही माझ्यापेक्षा चांगली जाणता.

आमच्यात मराठी घरं जास्त. पण कॅम्पात बदली होऊन आलेला रांचीकडचा जवान आमच्यात आहे, गुंटूरची एक नर्स आहे. त्यांच्या गावांकडे लुथरन मिशनं 1840 च्या दशकातच पोचली होती, त्यामुळे या परंपरेत ती दोघं आमच्यापेक्षा कितीतरी मुरलेली. आणि अर्थात कन्नड कुटुंबं आहेत. म्हणून शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, आमच्याकडे आधी मराठीत वाचलं जातं, मग कन्नडमध्ये. वेळ लागतो, लहान मुलं चुळबुळ करतात, पण हे दुसरं वाचन कमी करावं असं आमच्यातल्या कुणाला कधी वाटलेलं नाही.

त्याला कारण आहे. मार्टिन लुथरने बायबलमधला नवा करार जर्मन भाषेत आणला तो 1522 साली. भाषांतर कसं करावं हे सांगताना त्याने पोथ्यांकडे बोट दाखवलं नाही. घरातली आई कशी बोलते, रस्त्यावरची पोरं कशी बोलतात, बाजारातला साधा माणूस कसा बोलतो, ते जाऊन ऐका, असं त्याचं म्हणणं. हे वाचलं की मला आपला खडेबाजार आठवतो. भाजीवाली एका गिऱ्हाइकाला मराठीत भाव सांगते, दुसऱ्याला कन्नडमध्ये, आणि सुटे पैसे मोजताना दोन्ही भाषा एका दमात येतात. हा बाजार ऐकून उपासना करायची तर ती दोन भाषांत होणारच.

पंडिता रमाबाईंची आठवणही मला इथे काढावीशी वाटते. त्यांचा जन्म 1858 चा, कर्नाटकातल्या घाटात, गंगामूळच्या रानात. घर मात्र मराठी. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या आणि ते काम छापून झालं 1924 मध्ये. सीमेवरच्या आम्हा बायकांना त्या फार जवळच्या वाटतात.

आता रविवारचा कार्यक्रम. चर्चच्या तुळईला बैलगाडीचं जुनं लाकडी चाक आडवं टांगलेलं दिसेल. 1839 साली जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाचे लुथरन पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवत होते. नाताळ किती दिवसांवर आला, हे मुलं रोज विचारायची. त्यांनी गाडीचं एक चाक घेतलं, रोजच्या दिवसासाठी लहान मेणबत्ती आणि रविवारसाठी मोठी, अशा त्यावर लावल्या. रोज एक पेटवायची. मुलांना दिवस मोजता आले. पुढे जगभरच्या चर्चमध्ये आगमनाची माळ झाली ती या चाकावरून. हल्ली ती हिरव्या डहाळ्यांची आणि चारच मेणबत्त्यांची असते. आम्ही मात्र चाकच ठेवलं. आमच्या एका शेतकरी भावाच्या गोठ्यात ते पडून होतं. टायरची गाडी आल्यापासून त्याला काम नव्हतं. त्याची लोखंडी धाव अजून शाबूत आहे आणि मधल्या तुंब्याला वंगणाचा वास येतो. तो वास घासून काढू नका, असं आमच्यातल्या एका आजींनी बजावलं आहे.

पहिली मेणबत्ती संडे स्कूलमधलं सर्वांत लहान मूल पेटवेल. त्यानंतर सुगीचं अर्पण होईल. भाताच्या लोंब्या, रताळी, नाचणा, कोंबडी, घरचं तूप, ज्याला जे जमेल ते वेदीपुढे ठेवायचं, आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव. एकच भोपळा तीन वेळा विकला जातो, कारण घेणारा तो परत अर्पण करतो. यंदाचे पैसे आजाऱ्यांच्या औषधपाण्याला जातील. भजनाला पेटी, तबला आणि झांजा असतील. नारायण वामन टिळकांची भजनं आमच्या कन्नड बहिणींनाही पाठ आहेत.

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात गाणी म्हणत आम्ही घरोघरी फिरू. ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांच्या दारातही थांबतो, ते चहा ठेवतात. गेल्या वर्षी एका घरातले आजोबा अंथरुणाला खिळलेले होते, तिथे आम्ही दारात न थांबता त्यांच्या खोलीत जाऊन हळू आवाजात गायलो. यंदा ते नाहीत. त्यांच्या सुनेने तरी याच, असा निरोप पाठवला आहे. चोवीस डिसेंबरच्या रात्री उपासना, आणि दुसऱ्या दिवशी प्रीतिभोजन. करंज्या-चकल्यांचं पीठ महिला मंडळ आदल्या शनिवारी एकत्र मळणार आहे. हाताला काम हवं असेल त्या बहिणींनी थेट यावं.

रविवारी सकाळी साडेआठला सुरुवात करू. सतरंजीवर बसायचं आहे आणि फरशी गार असते, तेव्हा शाल बरोबर आणा. घरात जुनी कंदील-काच पडून असेल तर तीही आणा. दार उघडं राहतं, वारा येतो, आणि पहिली ज्योत विझू द्यायची नाही.