वाळवंटातलं महाबळेश्वर

(उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मे महिन्यात संध्याकाळी साडेसहाला उन्हाळ्यावरचं भाषण ऐकायला पुणेकर जमतात, याचा अर्थ विषयाची ओढ आहे किंवा सभागृहात एसी आहे. दोन्ही कारणं मला मान्य आहेत.

पत्रिकेत विषय छापलाय तो असा: 'वाळवंटी राज्यांतली सौम्य उन्हाळ्याची गावं: कुठं जावं, कुठं राहावं'. तिथं पोचायचंच आहे. पण वाट शिवाजीनगरवरून जाते. शिमला ऑफिस चौकातल्या सिग्नलला आपण सगळेच थांबतो. पुण्यात शिमला आलं कुठून? हवामान खात्याचं मुख्यालय १९०५ पासून शिमल्याला होतं. १९२८ मध्ये ते इथं आलं आणि येताना नाव घेऊन आलं. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र इथंच राहिलं. पुण्यात आलेलं सहसा परत जात नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. तर थंड हवेच्या गावाचं नाव लावून ही इमारत बसली आहे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, आणि एप्रिलमध्ये तिथला पारा ४० ला टेकतो. आज मला जे सांगायचंय ते या एका पाटीत आहे: हवा उंची ओळखते, नाव ओळखत नाही.

साहेबाला हे बरोबर ठाऊक होतं. मुंबई इलाख्याचं सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवायचं. राजपुतान्यातला गव्हर्नर जनरलचा एजंट उन्हाळ्यात अबूच्या पहाडावर जायचा. त्या काळी उंची मोजायची एक पद्धत होती, पाणी उकळून. दर ३०० मीटर चढलं की पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. तापमापक बुडवायचा, आकडा वाचायचा, उंची काढायची. चहाच्या आधणावर भूगोल! हे लक्षात ठेवा, शेवटी डाळ शिजवायला लागणार आहे.

आता माझी तक्रार. ती जरा लांबेल.

माणसं राज्याच्या नावावर हवा ठरवतात. मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत, फिनिक्सजवळच्या चँडलरला चिपच्या कारखान्यात, नातवंडाला सांभाळायला आजी-आजोबा निघतात, आणि निघतात कधी? एप्रिलमध्ये. परत येणार ऑक्टोबरला. म्हणजे ॲरिझोनाच्या वाळवंटातला सगळा उन्हाळा पदरात. मग सहा महिने एसीत कोंडून घेतात आणि आल्यावर सांगतात, 'ॲरिझोना म्हणजे भट्टी'. अहो, फिनिक्स भट्टी आहे! तिथून २३० किलोमीटरवर त्याच राज्यातल्या फ्लॅगस्टाफला जुलैत पहाटे स्वेटर लागतो. राजस्थानचंही तेच. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश झाले म्हणून अख्खं राज्य बाद. उलटा गोंधळही आहेच. उदयपूरला तलाव आहेत म्हणून ते थंड असणार, असं धरून मे महिन्याचं बुकिंग करणारे काही कमी नाहीत. उदयपूरची उंची सुमारे ६०० मीटर. म्हणजे पुण्याहून निघून पुण्याच्याच उंचीवर पोचायचं, तेही मेमध्ये. तलाव फोटोला गारवा देतो, हवेला फारसा नाही.

तक्रारीचा दुसरा भाग वर्तमानपत्रांवर. ती कमाल तापमान मोठ्या टायपात छापतात आणि किमान कोपऱ्यात. खरं तर माणसाला थकवते ती रात्र. दिवसभर तापलेलं शरीर रात्री सावरतं, आणि ते सावरायला हवा गार पडावी लागते. फिनिक्समध्ये ३० जून २०२३ पासून सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंशांच्या वर होतं, ते सगळ्यांनी वाचलं. पण १९ जुलैला तिथलं किमान तापमान ३६ होतं, हे कुणी वाचलं? किमान! पहाटेचं! पुण्यात दुपारी ३६ झालं की आपण पन्ह्याचा दुसरा पेला मागतो. डांबर, काँक्रीट आणि दगडी भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ओकतात. फ्लॅगस्टाफला जुलैतली पहाट १०-११ अंशांची असते. कोरड्या हवेत उष्णता अडवणारी वाफ कमी, त्यामुळे रात्री जमीन झपाट्याने निवते. वाळवंटी राज्याचा हाच मोठा फायदा आहे, फक्त तो घ्यायला वर चढावं लागतं.

किती चढायचं? वाई ते पाचगणी पसरणीचा घाट चढताना गाडीच्या काचा खाली घ्याव्याशा वाटतात ना? ते जेमतेम ६०० मीटर. फिनिक्स साधारण ३३० मीटरवर, जुलैची सरासरी कमाल ४१. फ्लॅगस्टाफ २१०० मीटरवर, सरासरी २८. म्हणजे हजार मीटरला सुमारे साडेसात अंश. तिकडच्या नकाशांवर उंची फुटांत असते, तेव्हा हजार फुटांना सव्वादोन अंश धरा. आता प्रेस्कॉट घ्या, १६४० मीटर. हिशोबाने ३१ येतं, प्रत्यक्षात ३२ च्या आसपास. बोटांवर एवढं जमलं तरी पुष्कळ झालं. सेडोना मात्र फसवतं. फ्लॅगस्टाफपासून तासाभराच्या आत, लाल डोंगर, सुंदर फोटो. पण उंची १३२० मीटर, गाव खडकांच्या कुशीत, आणि जुलैची दुपार ३५ च्या वर.

(चिठ्ठी आली. पंधरा मिनिटं राहिली म्हणतात. घड्याळ आमच्याकडेही आहे.)

तर शोधायचं कसं. आधी उंची. सुट्टीला जायचं तर २००० मीटरच्या वर बघा: फ्लॅगस्टाफ, पाइनटॉप, न्यू मेक्सिकोतलं सांता फे आणि टाओस, युटातलं पार्क सिटी. बारा महिने राहायचं असेल तर १५०० ते १८००: प्रेस्कॉट, पेसन, न्यू मेक्सिकोतलं सिल्व्हर सिटी, युटातलं सीडर सिटी. मग १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी काढा, आणि त्यात जूनची कमाल व किमान दोन्ही बघा. जुलैवर थांबू नका. तिकडेही मान्सून असतो, १५ जून ते ३० सप्टेंबर असा तो मोजतात, पण पाऊस खरा येतो तो जुलैत, दुपारचा, गडगडाटी, थेट आपल्या वळवासारखा. त्याच्या आधीचा जून म्हणजे आपला मे, कोरडा आणि रखरखीत. आणखी एक: आकडा कुठल्या केंद्राचा आहे ते तपासा. आबू रोड स्टेशन २६० मीटरवर आणि माउंट अबू १२०० मीटरवर, मध्ये २८ किलोमीटरचा घाट. खालचा आकडा वरचा म्हणून वाचलात तर सात अंशांनी चुकलात. खाली उतरल्यावर रबडी खायची तेवढी चुकवू नका.

'कूलर आहे, एसी नाही' असं घर दिसलं तर हा हिशोब करा. ४० अंश आणि १० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडाचं तापमान, म्हणजे नुसतं पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जितकी गार होईल तो आकडा, साधारण साडेअठरा. चांगला कूलर ४० आणि साडेअठरा यांच्या फरकातले ८० टक्के मिळवतो, म्हणजे झोतातून २३ अंशांची हवा. आर्द्रता ३० टक्के झाली की तोच कूलर २९ ची हवा फेकतो. कूलर बिघडलेला नसतो, मान्सून आलेला असतो. नागपूरकरांना हे शिकवावं लागत नाही.

राहायला जाणाऱ्यांसाठी आता भरभर, कारण अध्यक्षांनी माईककडे बघायला सुरुवात केली आहे.

पाणी. टँकर हा शब्द या सभागृहात समजावून सांगायला नको. स्कॉट्सडेल शहराने १ जानेवारी २०२३ पासून शेजारच्या रिओ व्हर्दे फूटहिल्स वस्तीला जाणारे टँकर भरणं बंद केलं आणि शेकडो घरं अडकली. ॲरिझोनात १९८० च्या भूजल कायद्याने काही भागांत नव्या प्लॉटिंगला शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते. फिनिक्स, टूसान, प्रेस्कॉट त्यात येतात. त्या भागांबाहेर पाणी अपुरं ठरलं तरी बहुतेक ठिकाणी प्लॉट विकता येतो, फक्त ते पहिल्या गिऱ्हाईकाला सांगायचं. तुम्ही दुसरं गिऱ्हाईक असलात तर तुम्हीच विचारा. घर बोअरवर असेल तर बोअरची खोली, पाण्याची पातळी आणि तासाला किती पाणी निघतं, तिन्ही लेखी घ्या.

वणवा. थंड गाव म्हणजे पाइनचं जंगल, आणि जून म्हणजे वाळलेलं जंगल. न्यू मेक्सिकोतलं रुइदोसो जून २०२४ मध्ये जळलं आणि मग पावसात त्याच उघड्या उतारांवरून पूर आले. सौदा पक्का करण्याआधी घराचा विमा कुणी देतंय का ते बघा, आणि गावातून बाहेर पडायला किती रस्ते आहेत ते मोजा.

दम. दोन हजार मीटरवर पहिले दोन दिवस सावकाश चाला, पाणी जास्त प्या, टोपी सोडू नका, हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. हृदयाचा, फुप्फुसाचा त्रास असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. आणि ते आधण: फ्लॅगस्टाफला पाणी ९३ अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ बोटचेपी व्हायची वाट बघत बसाल. इथून कुकर घेऊन जा आणि एक-दोन शिट्ट्या जास्त द्या.

अबूला घर घ्यायचं मनात असेल तर थांबा. भोवती अभयारण्य आहे, २००९ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, बांधकामावर निर्बंध आहेत. मे महिना भाड्याने काढा, ते जास्त शहाणपणाचं. आणि फ्लॅगस्टाफला घर बघायला जुलैत जाऊ नका, तेव्हा सगळंच आवडतं. जानेवारीत जा. हिवाळाभरात तिथं सरासरी दोन मीटरहून जास्त बर्फ पडतो. घरासमोरचा बर्फ एकदा स्वतः फावड्याने काढून बघा, मग विसार द्या.