बचत गटाची गाठ उचलीशी आहे

बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतल्या गटांकडून एक तक्रार नेहमी येते: गट चालू आहे, शिवणाचं प्रशिक्षण झालं, तरी दसरा उलटला की बाई नवऱ्याबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातेच. या तक्रारीचं उत्तर आपण मजुरीच्या दरात शोधतो, आणि तिथंच हिशेब फसतो. नवरा-बायकोचा एक कोयता टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो, ती एकरकमी. लग्नाचं देणं, दवाखाना, फसलेलं बोअर हे सगळं त्या पैशात भागतं. पुढं ती तोडलेल्या उसाच्या टनावर फेडायची, खाडा झाला तर दंड, आणि फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. हे न कळणारं घर त्या पट्ट्यात नाही. तरी उचल घेतली जाते, कारण पोळ्याच्या सुमारास एवढी रक्कम हातावर ठेवणारं दुसरं कुणी नसतं. रोज दोनशे-तीनशे देणारा धंदा चांगलाच, पण तो उचलीची जागा घेत नाही.

आता गटाकडं काय आहे ते पाहा. बारा बायका, प्रत्येकी महिना २०० रुपये, म्हणजे महिन्याला २,४०० आणि सहा महिन्यांत १४,४००. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि वह्या ही पंचसूत्री सहा महिने पाळली की गट बँकेकडं जाऊ शकतो. पहिलं कर्ज गटाच्या निधीच्या सहापट किंवा दीड लाख, यांतलं जे जास्त असेल ते. दहा लाखांपर्यंत तारण लागत नाही. इथवर बहुतेक गट येतात. मग दीड लाख आले की ‘सगळ्यांना सारखं’ म्हणून वाटून घेतात. प्रत्येकीला १२,५००. त्यात उचल टळत नाही आणि धंदाही उभा राहत नाही. किराणा, शाळेची फी, संपलं. त्यापेक्षा चौघींना ३७,५०० द्या. बाकीच्यांचा क्रम ठरावात नावानिशी लिहा, त्यांना पहिल्या चौघींच्या परतफेडीतून आणि पुढच्या कर्जातून मिळेल. भांडण होईल. ते पैसे यायच्या आधी, बैठकीतच होऊ द्या.

चौघींनी कशात पैसे घालायचे? शेळी सगळ्यांना सुचते. उस्मानाबादी जात आपल्याच भागातली, जुळी करडं देणारी, पण तिचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा आणि करडू विकायला आणखी आठ-नऊ महिने. रिकामी शेळी घेतली तर वर्षभर पैसा दिसत नाही, बँकेचा हप्ता मात्र लगेच सुरू. म्हणून गाभण शेळी घ्या, पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्या, पीपीआर या शेळ्यांच्या साथरोगाची राहिली असेल तर तीही, आणि गटाच्या निधीत दोन-तीन हप्त्यांची रक्कम न वाटता ठेवा. नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं बुडीतात धरतात, मग पुढचं कर्ज विसरा. बोकड बकरी ईदसाठी राखणार असाल तर ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येते, हेही धरून चला.

माझं मत विचाराल तर या पट्ट्यासाठी पाण्याच्या मोटारी भरण्याचं, म्हणजे रिवाइंडिंगचं काम जास्त कामाचं आहे. मोटारी जळतात रब्बीच्या पाण्याला: दाब कमी, एखादा फेज उडालेला, बेअरिंग कोरडं. नेमके उसतोडीचे महिने. हे काम ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत शिकवतात. या संस्था बँका चालवतात, राहणं-जेवण मोफत आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा. कॉइल भरणं बसून करायचं काम आहे, ते पुरुषाचंच असं कुणी ठरवलं कोण जाणे.

जुनी कॉइल कापण्याआधी प्रत्येक गाळ्यातले वेढे, तारेचा गेज आणि जोडणी वहीत उतरवायची. वेढे कमी पडले की मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि पुन्हा जळते. वार्निश अर्धवट वाळलं तर ओल राहते. मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर, एक मेगाओहमच्या खाली दाखवलं तर मोटार द्यायची नाही, पुन्हा वाळवायची. पाणी भरलेल्या सबमर्सिबलला प्लास्टिक आवरणाची तार लागते, तिथं वार्निशचं काम नाही. नवशिके बुडतात ते मात्र उधारीत. तांबं रोखीनं घ्यावं लागतं आणि शेतकरी पैसे हरभरा विकल्यावर देतो. प्रशिक्षणात अवजारांची यादी मिळते, उधारीचा हिशेब कुणी शिकवत नाही. म्हणून ३७,५०० मधले निम्मे तारेसाठी राखा आणि तारेचे पैसे आगाऊ घ्यायची सवय पहिल्याच गिऱ्हाइकापासून लावा. शिकून झाल्यावर महिनाभरात साहित्य हातात आलं नाही, तर हात बसत नाही आणि बाई, नाहीतर तिचा नवरा, पुन्हा मुकादमाकडं.

ज्या जाणारच आहेत त्यांची बचत सहा महिन्यांची आगाऊ घ्या, उचल मिळाल्याच्या आठवड्यातच. सगळ्यात महत्त्वाचं सह्यांचं. खातं अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांपैकी दोघींच्या सहीनं चालतं. तिघींपैकी दोघी कारखान्यावर गेल्या की गावात राहिलेल्यांचे पैसे गुढीपाडव्यापर्यंत अडकले. सही करणाऱ्या किमान दोघी गावात राहणाऱ्याच निवडा. आणि कर्जाचा अर्ज, ठराव, बचतीच्या नोंदी, सगळ्यांची आधारपत्रं असं सगळं आषाढातच बँकेत द्या. शाखेला वेळ लागतोच. भाद्रपद अर्धा सरेपर्यंत पैसे आले नाहीत, तर उचल आधी पोचलेली असते.