डाव्या पायाचा क

(धरानहून वर चढणारा घाट, भेडेटारचं धुकं)

धरान सुटलं की घाट लागतो आणि भेडेटारला पोचेपर्यंत गाडीच्या काचेपलीकडे काही म्हणजे काहीच दिसत नाही. हे धुकं एडिटमध्ये कापलं नाही कारण खरंच एवढं होतं. पलीकडे उतरलं की धनकुटा, पूर्व नेपाळ, डोंगराच्या सोंडेवर चढत गेलेला बाजार, चुना आणि गेरू लावलेली घरं. याच जिल्ह्यातल्या कचिडे नावाच्या गावात १९८० साली झमककुमारी घिमिरे जन्मली. सेरेब्रल पाल्सी. हात चालत नाहीत, बोललेलं समोरच्याला कळत नाही. चालतो तो डावा पाय, त्याच्याच बोटांत पेन धरून तिने आपली आत्मकथा लिहिली, ‘जीवन काँडा कि फूल’. काँडा म्हणजे काटा, बाकी मराठी माणसाला सांगायची गरज नाही.

(अंगण, मातीत पाय, बोटांत काडी)

आता हा पाय बघा. आधीच सांगून टाकतो, हा झमकचा नाही, आमच्याच टीममधल्या मुलीचा आहे. तिला म्हटलं अंगठा आणि शेजारच्या बोटात काडी धर आणि मातीत क काढ, फक्त एक क. पहिली दहा मिनिटं काडीच टिकेना. मग टिकली तर दांडी आली पण डावीकडचं पोट येईना, कारण हाताने लिहिताना मनगट वळतं, इथे अख्खा घोटा वळवावा लागतो, घोटा वळवला की टाच सरकते आणि टाच सरकली की आत्ता काढलेली दांडी पुसली जाते. पोटरीत गोळा आला, थांबलो, पाणी प्यायलो, परत बसलो. चाळीस मिनिटं लागली. आणि जो आला तो क आहे का फ, यावर टीममध्ये अजून वाद आहे.

झमकला तर ‘काढ’ म्हणणारंही कुणी नव्हतं. वडील धाकट्या बहिणीला अक्षरं शिकवायचे आणि ही बाजूला. हिला शिकवावं असं कुणाला वाटलं नव्हतं, पण कान आणि डोळे तर होते ना, त्यावर तिने ते उचललं आणि पायाने जमिनीवर गिरवलं. नेपाळी देवनागरीतच लिहितात, म्हणजे तिने धुळीत काढलेला क आणि तुम्ही आम्ही पाटीवर काढलेला क एकच. पुढे कविता आल्या, ‘कान्तिपुर’ दैनिकात कॉलम आला, मग हे पुस्तक.

(पुस्तकाची पानं, जवळून)

एक सांगायलाच हवं. तिचा पायाचा फोटो शेअर करणारे खूप, पुस्तक उघडणारे कमी (आम्हीही सगळ्यात जास्त वेळ पायच शूट केला, मान्य). पण आतली बाई रागावलेली आहे. असलं मूल मेलेलं बरं म्हणणारी माणसं आहेत त्यात, जीव लावणारी आणि लवकर गेलेली आजी आहे, वयात येणारं शरीर आहे ज्याबद्दल कुणी बोलत नाही. शाल पांघरून ‘किती प्रेरणादायी’ म्हणावं असं हे पुस्तक नाही.

(सुंदरीजल, पायऱ्यांच्या कडेने पाण्याची पाइपलाइन, मग बीपी म्युझियम)

इथून काठमांडू खोऱ्यात, आणखी एका आत्मकथेसाठी. सुंदरीजल, शिवपुरीच्या पायथ्याशी, वीकेंडला पोरं धबधब्याला येतात. इथेच बी. पी. कोइराला जवळजवळ आठ वर्षं कैदेत होते. नेपाळचे पहिले निवडून आलेले पंतप्रधान, डिसेंबर १९६० मध्ये राजा महेंद्रने सरकार बरखास्त केलं आणि यांना आत टाकलं, खटला वगैरे काही नाही. कादंबऱ्या लिहिणारा माणूस, आतही लिहित राहिला, डायरी ठेवली. पण आयुष्याची सगळी गोष्ट मात्र त्यांनी लिहिली नाही, सांगितली. घशाचा कॅन्सर झालेला, शेवटची वर्षं, समोर वकील गणेशराज शर्मा आणि टेपरेकॉर्डर. (स्क्रीनवरचा टेप जुन्या बाजारातून आणलाय, त्यांचा नाही.) १९८२ ला बीपी गेले, त्या टेपवरून ‘आत्मवृत्तान्त’ छापून आलं १९९८ ला. म्हणजे बघा, ज्याचा घसा चाललाय तो बोलून सांगतोय आणि जिला बोलता येत नाही ती लिहितेय, आम्हाला हे एडिट टेबलवर दोन फुटेज शेजारी शेजारी लावल्यावर दिसलं.

मधे १९९६ ते २००६ चं माओवादी युद्ध. हजारो माणसं गेली. त्यातूनही आत्मकथनं आली, बायकांची जास्त लक्षात राहतात. तारा राई या गुरिल्ला मुलीची डायरी छापली गेली, नर्स असलेल्या राधा पौडेलने पश्चिम नेपाळमधल्या जुम्लावर नोव्हेंबर २००२ मध्ये माओवाद्यांनी केलेल्या हल्ल्यावर ‘खलङ्गामा हमला’ लिहिलं. जुम्लापर्यंत आमची गाडी पोचली नाही, त्यामुळे इथे फक्त मुखपृष्ठ.

राणी जगदंबाने नवऱ्याच्या नावाने सुरू केलेला मदन पुरस्कार हा तिकडचा मोठा साहित्य पुरस्कार. विक्रम संवत २०६७ चा (म्हणजे इ. स. २०१०-११) झमकला मिळाला, २०७० चा (इ. स. २०१३-१४) राधा पौडेलला.

(परत अंगण, उन्हं उतरलेली)

पॅकअप म्हटलं तरी आमची मुलगी उठली नाही. क जमला असं तिचं म्हणणं आहे आणि आता ती ख ला लागलीय. कॅमेरा चालूच ठेवलाय.